'कॅन्सर की बिल्हार्झिया' हा प्रश्नच चुकतोय

"रक्ताच्या एका मार्करवरून लघवीतलं रक्त मूत्राशयाच्या कॅन्सरचं की बिल्हार्झियाचं ते कळेल" हे लेखातलं वाक्य पटलं नाही. अहो, हे दोन्ही एकाच पेशंटमध्ये असू शकतात ना! बिल्हार्झिया हा कृमींमुळे होणारा आजार; तो करणाऱ्या शिस्टोसोमा हिमॅटोबियम या कृमीची अंडी वर्षानुवर्षं मूत्राशयाच्या भिंतीत अडकून राहतात, सूज हटत नाही आणि त्यातूनच पुढे कॅन्सर होतो, म्हणून तर या कृमीला 1994 पासून कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात (म्हणजे माणसात कॅन्सर करतात हे सिद्ध झालेल्यांत) टाकलंय. इजिप्तमध्ये नाईलकाठच्या शेतकऱ्यांत मूत्राशयाचा स्क्वॅमस (चपट्या पेशींचा) प्रकारचा कॅन्सर एवढा दिसायचा तो यामुळेच. म्हणजे रक्तात इन्फेक्शन सापडलं म्हणून कॅन्सर नाही असं समजून पेशंटला घरी पाठवलं तर झालंच कल्याण.

मी टांझानियात लॅबमध्ये होतो, तिथे बिल्हार्झियाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली की आम्ही फार उड्या मारायचो नाही, कारण प्राझिक्वांटेल हे औषध घेऊन कृमी मेल्या तरी ती टेस्ट पुढे कित्येक वर्षं पॉझिटिव्हच येत राहते, आणि इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तर साध्या जंतांनीही वाढतात. त्यापेक्षा दुपारच्या सुमाराची लघवी सेंट्रीफ्यूज यंत्रात फिरवून खाली बसलेला गाळ मायक्रोस्कोपखाली बघायचा, एका टोकाला काटा असलेलं अंडं दिसलं की विषय संपला (कॅन्सरचा नाही हं, त्याला दुर्बीण घालून तुकडाच काढावा लागतो). जिवंत कृमी आहेत का ते रक्तातल्या सीएए अँटिजेनवरून (जिवंत कृमी रक्तात सोडतात तो पदार्थ) बरंच कळतं, त्याचा लेखात उल्लेखच नाही! आणि "भारतात हा आजार नाहीच" हेही सरसकट लिहू नका, आपल्या रत्नागिरीतल्या गिमवी गावात हा आजार आढळल्याची नोंद 1952 ची आहे.