कितला एच.पी.नी शे?

खानदेशात माणसाला दोन गोष्टी उपजत येतात: भरीत आणि मोटर. बामणोदच्या वांग्यांवर एकवेळ सगळ्यांचं एकमत होईल, मोटरवर नाही. विहीर, बोअर, चक्की, कूलर. घरात कधी मोटर जळाली नाही असा माणूस आमच्याकडे सापडायचा नाही, आणि जळालेल्या मोटरीइतका आत्मविश्वास दुसरं काहीच देत नाही.

आमच्या छापखान्यात जुनी ट्रेडल आहे. पायानं पायडल मारा, हातानं कागद लावा. आण्णांचे गुडघे गेले, माझे जायच्या बेतात आले, तेव्हा तिला मोटर बसवायची असं मी टपरीवर सहज बोललो. संध्याकाळपर्यंत छापखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

माझ्याकडे शस्त्र एकच, गणित. ट्रेडलचं चाक तीस इंची, पुली तीन इंची. मोटर दहा वेळा फिरली की चाक एकदा. चाक सहा वेळा फिरलं की एक कागद. म्हणजे साठाला एक. त्यामुळे मोटरचे मिनिटाचे जेवढे फेरे, तासाला बरोबर तेवढेच कागद.

रावेरकडचे केळीवाले काका म्हणाले, "मळ्यात पाचनी पडेल शे, फुकट ने." पाच एच.पी.ची, पडून असलेली पाण्याची मोटर, २८८० फेरे. म्हणजे सव्वा सेकंदाला एक पत्रिका, आणि तेवढ्यात हात आत जाऊन परत यायला हवा. तासाभरानं पत्रिका मोजायच्या की बोटं? शिवाय ती मोनोब्लॉक. पुली लावायची तिथं पंपच बसलेला. काका नाराज झाले. फुकटची वस्तू नाकारलेली आमच्याकडे अपमानात धरतात.

टेलर मास्तरांनी शिलाई मशीनची मोटर आणली. मोकळी असली की हजारोंनी फिरते, भार आला की मान टाकते. ओतीव लोखंडाचं ते चाक पाहूनच तिनं धूर काढला असता. चक्कीवाल्यानं दहा एच.पी. सांगितली. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

खरा माणूस भेटला तो रिवाइंडिंगवाला. तो कमी बोलतो, हीच त्याची पात्रता. "सहा पोलची घे, अर्धा एच.पी. ९४० फेरे." पोल जितके जास्त, तितके फेरे कमी. तासाला ९४० कागद, आण्णांचा हात सहज पुरवतो, माझा रडतखडत. पण बाजारात मिळाली ती थ्री फेज, आणि आमच्याकडे कनेक्शन सिंगल फेज. थ्री फेज मळ्यात आहे, आठ तास, तेही कधी दिवसा, कधी रात्री. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' रात्री दोनला विहिरीवर छापायचं?

मग व्हीएफडी नावाचा डबा आला. आत सिंगल फेज, बाहेर थ्री फेज, वर वेग कमीजास्त करायला बटण. तरी एक मेख होतीच. डब्यातून निघतात २३० व्होल्ट, मोटर बांधलेली ४१५ वर, स्टार जोडणीत. रिवाइंडिंगवाल्यानं टर्मिनलचं झाकण काढलं. सहा खिळ्यांवरची आडवी पितळी पट्टी सोडून तीन उभ्या पट्ट्या लावल्या, नट आवळले आणि "डेल्टा" एवढंच म्हणाला. या जोडणीत तीच मोटर २३० वर चालते. चालू केली तर चाक उलटं. दोन वायरींची अदलाबदल केली, सुलटं झालं.

पाटीवर लिहिलंय, सभोवतालचं तापमान ४० अंश. ही पाटी लिहिणाऱ्यानं मे महिन्यातलं भुसावळ पाहिलेलं नसावं. तिथं पारा पंचेचाळिशी ओलांडतो. पण मोटर तापायच्या आधी आमचे शाईचे रूळच वितळतात, कारण ते सरस आणि गुळाचे. उन्हाळ्यात दुपारी छपाई बंद, ही पद्धत मोटरच्या आधीपासूनची.

पट्ट्यावरून मात्र आण्णा अडून बसले. व्ही-बेल्ट नको, चपटाच हवा, आणि तोही थोडा सैल. "हात अडकला तर पट्टा घसरला पाहिजे. मोटरला काय कळतंय, आत कागद आहे की पोरगं?" त्या दिवशीच्या सगळ्या सल्ल्यांत बोटांचा विचार करणारा हा एकटाच.

परवा पारोळ्याकडचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. खिशातून मजकुराचा कागद काढला, तेवढ्यात ट्रेडलचा आवाज ऐकून खाली वाकले.

"हाई कितला एच.पी.नी शे?"

"अर्धा."

"अर्धा?" कागद परत खिशात गेला. "मना भाऊकडे तीननी पडेल शे. लई जा."

पत्रिकेचं त्यांनी नंतर बघू म्हणून सांगितलं.