“पैसे स्टुडिओने खाल्ले” या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत: “मुलीचं रेकॉर्डिंग करून अ‍ॅपवर टाकायचे साडेनऊ हजार घेतले. वर्षभरात चार हजार वेळा वाजलं, हातात १३१ रुपये! बाकीचे स्टुडिओने खाल्ले. यमनचे आठ तुकडे केले असते तर आठपट आले असते.”

आले तेच १३१ होते. त्यातला एक रुपयाही आम्ही ठेवलेला नाही.

सहा ट्रॅकपैकी हजाराच्या वर एकच गेला, भजनाचा. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या ट्रॅकला काहीच द्यायचं नाही. उरलेल्या पाचांचं तिथलं खातं कोरडं. बरं, एका वेळेला अमुक पैसे असा दरही बांधलेला नसतो. वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे गल्ल्यात जमतात, मग ज्याचं जितकं वाजलं तितका त्याचा वाटा. आपल्याकडे बहुतेक मंडळी फुकटच ऐकतात, मग गल्ल्यात पडणार किती?

तुकड्यांचं म्हणाल तर मोजणीपुरता तुमचा हिशेब चुकीचा नाही, पण हजाराची अट प्रत्येक तुकड्याला वेगळी लागली असती. तीस सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते, आणि बावीस मिनिटांचा तो यमन, संथ लयीतल्या तिलवाडा तालातला, शेवटपर्यंत ऐकला तरी एकच. पण बंदिशीचा पहिला भाग, स्थायी, एका फाईलमध्ये आणि दुसरा, अंतरा, दुसऱ्या? ख्यालगायकीचे उस्ताद हद्दू-हस्सू खाँ यांच्या या ग्वाल्हेरात हे पाप मी करणार नाही. दुसरीकडे करून मिळेल.

अ‍ॅपवाले आपल्या जिवावर गब्बर झाले असतील असं मलाही वाटायचं. पण २००६ साली सुरू झालेल्या स्पॉटिफायला पूर्ण वर्षाचा पहिला नफा २०२४ मध्ये दिसला, कारण मिळकतीतला जवळपास दोन तृतीयांश भाग गाण्यांच्या हक्कदारांकडेच जातो. गाण्यांचं रेसो अ‍ॅप जानेवारी २०२४ मध्ये भारतातून उठलं, त्याच वर्षी एअरटेलने आपलं विंक अ‍ॅप बंद केलं. ‘गाना’ अ‍ॅपने २०२२ मध्ये फुकट ऐकवणं थांबवलं आणि पुढच्याच वर्षी टाइम्स समूहाच्याच रेडिओ कंपनीने ते २५ लाखांत घेतलं. पंचवीस लाखांत इथल्या बाड्याच्या बाजारात धड दुकान तरी येतं का, सांगा! आणि हक्कदारांचा तो मोठा वाटाही मोठ्या लेबलांच्या चालत्या गाण्यांकडे वळतो. आपल्या वाट्याला शिंतोडे.

आता माझी चूक. रेकॉर्डिंगच्या दिवशी आमचा मुलगा तुम्हाला “पैसे येत राहतील” म्हणाला आणि मी शेजारी बसून गप्प राहिलो. हजाराची अट तेव्हाच सांगायला हवी होती. स्टेटमेंटही तुम्ही तीनदा मागितल्यावर दिलं. माफी मागतो. साडेनऊ हजारांपैकी आठशे अ‍ॅपवर टाकण्याचे होते, ते परत करतो. रेकॉर्डिंगचे करणार नाही. तानपुरा तीनदा लावून, दोन दिवस घालवून ते काम झालंय आणि चांगलं झालंय.

मूळ फाईली पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या आहेत. गायिका सरस्वतीबाई राणे यांच्यासारखं गोड गाते वगैरे नाही म्हणत, पण तुमच्या मुलीचा षड्ज, म्हणजे ‘सा’, पक्का आहे. डिसेंबरात तानसेन समारोहाला बाहेरची जाणकार मंडळी हजिऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी, येतात, तेव्हा त्यांना ऐकवायला ते यमन अखंड असू द्या. गुरुवारी सहानंतर लष्कर भागातल्या दुकानात मी असतो. येताना पावती आणा.