दिल्ली बंद शे

आमच्या घरात प्रवासाची तारीख रेल्वेच्या हातात नसते, मोठ्या मायच्या हातात असते. मोठी माय म्हणजे माझी आजी, वय 84, अमळनेर सोडून ती आजवर फारतर धुळे-जळगाव आणि एकदा पंढरपूर एवढंच फिरलीय. नाताळच्या सुट्टीत दिल्लीला जायचं ठरलं तेव्हा मी मोबाईलवर रिझर्वेशन बघत होतो, मंगळवारी सातच्या सात बर्थ एकाच डब्यात मिळत होते, म्हटलं दाबून टाकू बटण, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "मंगयवारले उत्तरले कोनी जास का?"

झालं. दिशाशूल. मंगळ-बुध उत्तरेला जायचं नाही, गुरुवारी दक्षिणेला जायचं नाही, म्हणजे जातानाचे दोन वार कटाप आणि येतानाचा एक. त्यात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मंगळवार मंगळग्रह मंदिराचा, तो ते चुकवत नाहीत. शुक्र-शनिवारी गाडी फुल. उरला रविवार. "रविवारी निघू, सोमवारी पोचू, सोमवार महादेवाचा वार, चांगलाच," असं अण्णा म्हणाले आणि डायरीत लिहून टाकलं. सोमवार : लाल किल्ला, लोटस टेंपल, अक्षरधाम. या वाक्यात काय घोळ आहे हे दिल्ली बघून आलेल्या माणसाला लगेच कळेल. आमच्यात तसं कोणी नव्हतं. अण्णा कॉलेजात असताना जाऊन आले होते म्हणे, पण तेव्हाच्या आठवणींत फक्त कुतुबमिनार आणि कोणीतरी मारलेलं पाकीट एवढंच शिल्लक आहे.

बरं, नुसतं जायचं असतं तरी ठीक होतं. दिल्लीत द्वारकेला माझी मावशी राहते, तिचा मुलगा नोकरीला आहे तिकडे. तिने फोनवर एकदाच म्हटलं, "ताई, भरिताची वांगी खाल्ली नाहीत गं चार वर्षांत." आईने हे वाक्य कोर्टाच्या समन्ससारखं घेतलं. जळगावच्या बाजारातून हिरवी-पांढरी, हातात मावणार नाहीत अशी वांगी आणली, पंधरा किलो. सोबत कळण्याचं म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, शेंगदाणे, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, आणि ठेचायला लाकडी मुसळ, कारण मिक्सरमधून काढलेलं भरीत हे आमच्या आईच्या मते आजारी माणसाचं जेवण आहे. कपाशीच्या काड्यांचा भारापण बांधून तयार होता, भाजायला, तो मी अक्षरशः पाया पडून अंगणात ठेवायला लावला.

जळगावहून दिल्ली अकराशेच्या वर किलोमीटर. भोपाळपर्यंत सगळे खूश होते, पत्ते चालले होते, दशम्या-चटणी चालली होती, पुढे झाशी गेल्यावर धुकं असं आलं की खिडकीबाहेर कोणीतरी पांढरी चादर लावून ठेवलीय असं वाटायला लागलं. आम्ही 45 डिग्रीत लग्नाच्या पंगती वाढणारी माणसं भाऊ, उन्हाळ्याचा आम्हाला काही सांगू नका, पण थंडी म्हणजे आमच्याकडे मफलर, बस्स. गाडी चार तास लेट. नवी दिल्लीला उतरलो तेव्हा माझी बायको मोठ्या मायची गोधडी खांद्यावर घेऊन चालत होती आणि दोघी एकाच वयाच्या दिसत होत्या. (हे मी तेव्हा बोललो. बोलायला नको होतं.)

आता मेट्रो. दिल्लीची मेट्रो 2002 च्या डिसेंबरात सुरू झाली, रोज लाखो लोक जातात, त्यात एक आमचीच पिशवी मशीनमध्ये अडकायची होती. स्क्रीनसमोरच्या वर्दीवाल्याने पट्टा थांबवला, मागे घेतला, परत पुढे नेला. मी पण वाकून बघितलं. खरं सांगतो, मलाही धडकी भरली. पिशवीभर गोल गोल काहीतरी, प्रत्येकाला वर एक देठ, आणि मधोमध हातभर लांबीचा दांडा.

"ये क्या है?"

"वांगा है साहब," अण्णा म्हणाले.

"क्या?"

"बैंगन, बैंगन," मी मधे पडलो.

"इतने बैंगन? दिल्ली में बैंगन नहीं मिलता?"

इथे अण्णांचा अपमान झाला. त्यांनी पिशवीत हात घालून एक वांगं बाहेर काढलं, त्याला दाखवलं, उलटं करून परत दाखवलं. "ऐसा मिलता है क्या? बी कम, गर जादा." तो बिचारा चांगला माणूस होता, म्हणाला हमारे यहाँ भी भरता बनता है. बस, हे त्याने बोलायला नको होतं. "टमाटर डालते ना उसमें?" अण्णांनी विचारलं. तो म्हणाला हाँ. "तो वो भरीत नहीं हुआ, वो भाजी हुई." मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सगळी रेसिपी अण्णांनी तिथे उभं राहून सांगितली, मागे लाईन पार जिन्यापर्यंत गेलेली, एक पोरगी लॅपटॉपची बॅग छातीशी धरून "अंकल प्लीज" म्हणत होती, आणि मोठी माय खाली सामानावर बसून सगळ्यांना बिबड्या देत होती. वांगी सुटली. मुसळावर मात्र गाडी अडली. हे हत्यार आहे की भांडं यावर दोन-तीन जणांची मीटिंग झाली, एक जण म्हणाला बाहेर ठेवून या. आमचं सारंच मुसळ केरात जायला निघालं होतं, म्हणजे म्हणीतलं नाही, खरंखुरं, कचऱ्याच्या डब्याशेजारी. शेवटी आईने डोळ्याला पदर लावला तेव्हा कुठे ते पिशवीच्या तळाशी घालून आत सोडलं.

मावशीकडे पोचून चहा घेईपर्यंत तिचा मुलगा ऑफिसला निघालेला, जाता जाता बूट घालत म्हणाला, "आज कुठे जाताय? आज सोमवार आहे ना." आम्ही म्हटलं हो, महादेवाचा. तो काहीतरी सांगणार होता पण लिफ्ट आली.

लाल किल्ला सोमवारी बंद. हे आम्हाला लाल किल्ल्यासमोर उभं राहून कळलं. अण्णांनी डायरी काढून लाल किल्ल्यावर काट मारली आणि शांतपणे म्हणाले चला लोटस टेंपल. रिक्षावाला एका शब्दाने बोलला नाही, पैसे घेतले, गेटपाशी सोडलं, निघून गेला. लोटस टेंपल सोमवारी बंद. अण्णांनी गजांमधून पाकळ्या मोजल्या, 27 असतात म्हणे, त्यांच्या 14 भरल्या, बाकीच्या मागच्या बाजूला असतील असं धरून चाललो. तिथल्याच एका चणेवाल्याला पोराने विचारलं अक्षरधाम कितना दूर है, तो म्हणाला आज मंडे है, बंद है. मोठी माय इतका वेळ काही बोलली नव्हती. तिने गुडघा धरला, रस्त्याकडे बघितलं आणि विचारलं, "दिल्लीबी बंद शे का रे आज?"

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. वार तिनेच काढून दिला होता, हे कोण बोलणार.

कुतुबमिनार उघडा होता. 72 मीटरच्या वर उंची, आत 379 पायऱ्या, हे अण्णांनी सांगताच मोठी माय तिथल्या तिथे खाली बसली. पण 1981 मध्ये जिन्यात चेंगराचेंगरी झाली तेव्हापासून वर कोणाला सोडत नाहीत, हे कळल्यावर तिला त्या दिवशी पहिल्यांदा आनंद झाला. "हाई बंद शे ते बेस व्हयनं." शेजारी तो लोखंडी खांब. सोळाशे वर्षांचा, गंज नाही. लोखंडात फॉस्फरस जास्त आहे म्हणून वर एक थर बसून राहतो, असं पोराने मोबाईलवर वाचून दाखवलं. आमच्या गच्चीवरच्या टाकीचा स्टँड तीन वर्षांत खलास झाला, त्या वेल्डरला इथे आणून उभं केलं पाहिजे. अण्णांना मात्र त्या खांबाला पाठ लावून मागून मिठी मारायची होती, कॉलेजात असताना मारली होती, हात पोचले की नशीब उघडतं. आता भोवती कुंपण आहे. तसंही अण्णांचं पोट बघता हात समोरूनसुद्धा पोचले नसते.

मंगळवारी लाल किल्ला झाला एकदाचा. दिवाण-ए-खासमध्ये अण्णा भयंकर रंगात आले. इथलं चांदीचं छत 1760 मध्ये आपल्या सदाशिवरावभाऊंनी काढलं, वितळवून रुपये पाडले, फौजेचा पगार तुंबला होता ना. हे एवढ्या मोठ्या आवाजात की बाजूचे चार टुरिस्ट वर बघायला लागले. बायको माझ्या कानात म्हणाली, "त्यांना हळू बोलायला सांगा, भरून मागतील."

बुधवारी निघायचंच होतं, गुरुवारी दक्षिणेचा दिशाशूल. सकाळी राष्ट्रपती भवन लांबून बघितलं, कारण आत जायला आधी ऑनलाईन बुकिंग लागतं आणि आमची सगळी बुकिंगं पंचांगावर झालेली. 340 खोल्या. "आपल्या प्रतिभाताई राहिल्या इथे, 2007 ते 2012, पाच वर्षं," अण्णा रिक्षावाल्याला हिंदीत समजावत होते, जणू आमची चुलत आत्याच. आईला वेगळीच काळजी. दिवाळीत जळमटं काढायला कितवा महिना उजाडत असेल.

आणि भरीत? ते झालं ना मंगळवारी रात्री. गॅसवर भाजलं, काड्यांचा वास नाही म्हणून आई शेवटपर्यंत खट्टू, पण मावशीने पहिला घास घेतला आणि ताट बाजूला ठेवून नुसतीच बसली थोडा वेळ. मग चार भाकरी खाल्ल्या.

घरी येऊन पिशव्या उपसतोय तोच मावशीचा फोन, मुसळ तिकडेच राहिलं. कुरियरने पाठवते म्हणाली. आई म्हणाली नको, हरवेल, आम्हीच येऊ कधीतरी. अण्णांनी लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढून मोठ्या मायपुढे धरलं, शुक्रवारी निघालो तर शनिवारी पोचतो, चालेल का.

मोठी माय पायाला तेल चोळत होती. तिने कॅलेंडरकडे बघितलंसुद्धा नाही.

"तवय उघडी राही का ती?"