मी कुठं धरून ठेवलीयेत तुटकी पॅकेजेस?

"यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस." ॲप्टचं, म्हणजे लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस आणून बसवणाऱ्या प्रोग्रॅमचं, हे वाक्य ज्यानं लिहिलं त्याला एकदा भेटायचंय. म्हणजे पॅकेज तुटलं, ते यांच्या यादीत सापडेना, आणि वर आळ माझ्यावर, की तुम्हीच धरून बसलाय! मी रीतसर धरलेल्या पॅकेजेसची यादी दाखवणारी 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' कमांड मारून बघितली, यादी रिकामी. काही धरलेलं नाही हो मी, रविवारचं जेवण झालंय, पोट तेवढं धरलंय.

भानगड अशी की ऑफिसच्या व्हीपीएनची, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात सुरक्षित शिरायच्या सॉफ्टवेअरची, डेब फाइल (म्हणजे पॅकेजच) आली आणि तिला हवं लिबएसएसएल १.१, सुरक्षित कनेक्शन सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलचं जुनं पॅकेज. माझ्याकडे लिनक्सचा उबुंटू २२.०४ हा अवतार, त्यात ओपनएसएसएल ३, जुनं लिबएसएसएल रिपॉझिटरीतूनच, म्हणजे पॅकेजेसच्या कोठारातूनच, काढून टाकलेलं. ॲप्ट म्हणालं 'नॉट इन्स्टॉलेबल', विषय संपला. मग ॲप्टच्या हाताखाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणाऱ्या डीपीकेजीकडे गेलो. डीपीकेजी जुना माणूस, दिलं ते उतरवून घेतो, पण डिपेन्डन्सी, म्हणजे एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस, शोधून आणणं हे माझं काम नाही म्हणतो, आणि खरंच नाही, त्यासाठीच तर उबुंटूचं मूळ असलेल्या डेबियनच्या १९९९ च्या २.१ आवृत्तीपासून ॲप्ट त्याच्या डोक्यावर आणून बसवलाय. त्यानं व्हीपीएन अर्धवट टाकून ठेवलं आणि तिथून पुढं ॲप्टनं संपच पुकारला. व्हीएलसी हा साधा व्हिडिओ प्लेअर मागितला तरी आधी व्हीपीएनचं निस्तरा. अहो, व्हीएलसीचा काय संबंध?

'सुडो ॲप्ट फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' करा असं तोच सुचवतो म्हणून केलं. मोठ्या विचारांती त्यानं तोडगा काढला की व्हीपीएनच काढून टाकू, यस की नो? लग्नात मानपानावरून वाद झाला आणि काकांनी सुचवावं की नवऱ्यालाच मांडवाबाहेर काढा, म्हणजे भांडणाचं कारणच उरत नाही, तसलं हे.

एवढ्यात स्क्रीनवर 'वेटिंग फॉर कॅश लॉक', म्हणजे आत दुसरं कुणीतरी काम करतंय, कुलूप उघडेपर्यंत थांबा, कारण मागच्या दारानं अनअटेंडेड अपग्रेड येऊन बसलेलं. नाव बघा, अनअटेंडेड! आपण समोर हजर असताना हे आपलं आपलं अपग्रेड करणार आणि आपण सेकंद मोजत बसायचं. लॉक फाइल उडवून टाक म्हणणारे सल्लागार भेटतात, त्यांचं ऐकू नये, ते नंतर फोन उचलत नाहीत. वैतागून 'ॲप्ट मू' टाइप केलं. एक गाय आली आणि विचारते, आज हंबरलात का? हो बाई, सकाळपासून तेच चाललंय. कुठलीही डिपेन्डन्सी न मागता चालणारी दिवसभरातली ही एकच कमांड.

शेवटी जुन्या उबुंटू २०.०४ च्या अर्काइव्हमधून लिबएसएसएल १.१ ची डेब उचलून आणली. ओपनएसएसएल १.१.१ चा फुकट सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच बंद झालाय, म्हणजे सुरक्षित कनेक्शनसाठी पेन्शनीत निघालेला वॉचमन परत बोलावला म्हणा, पण नव्याशेजारी तो निमूट बसला. मग अर्धवट राहिलेलं पुरं करणारी 'डीपीकेजी कॉन्फिगर ए' कमांड मारली, कुठंही लाल अक्षर नाही, व्हीपीएनची खिडकी उघडली, मी युजरनेम टाकलं, पासवर्ड टाकला.

"आपल्या पासवर्डची मुदत संपली आहे. नवीन पासवर्ड ठेवण्यासाठी कृपया आधी व्हीपीएनला कनेक्ट व्हा."