झाकण्याचेही पैसे पडतात

सॉफ्टवेअर बाजारात आणताय? मग ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही बघता-वापरता येणारा, कोड उतरवून घ्या. फुकट ते पौष्टिक! जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेला डेटाबेस घ्या, त्यावर आपलं लॉगिनचं पान चढवा, लोगो डकवा. तुमची बौद्धिक संपदा तयार.

परवाना तेवढा वाचू नका. ते काम वकिलाचं. तो पडक्या चेहऱ्याने सांगेल की हा जीपीएल नावाचा परवाना आहे. प्रोग्रॅम गिऱ्हाइकाच्या हाती दिलात की सोर्स कोडही (म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर) द्यावा लागेल, तुम्ही वर जोडलेल्या भागासकट. म्हणजे ते लॉगिनचं पान जगासमोर उघडं!

घाबरू नका. मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि पीडीएफ फायली हाताळणारा घोस्टस्क्रिप्ट, यांच्या मालकांनी तुमच्यासारख्यांसाठी दुसरी खिडकी उघडी ठेवली आहे. वाटून खाणार असाल तर फुकट, झाकून ठेवणार असाल तर पैसे. कोड तोच, एका अक्षराचा फरक नाही. पैसे मोजायचे ते फक्त झाकायच्या परवानगीचे. करारात प्रतीमागे रॉयल्टी ठरली असेल तर खप वाढेल तसं झाकणही महागेल. काळजी नको, बिलात 'तंत्रज्ञान शुल्क' लिहायला जागा असतेच. (एमआयटी किंवा बीएसडी या सैल परवान्यांचा कोड निवडला असता तर मूळ परवान्याची चिठ्ठी सोबत ठेवून सगळं फुकटात झाकता आलं असतं. पण मग खर्चाच्या बैठकीत बोलायचं काय?)

काही धाडसी मंडळी पैसेही भरत नाहीत आणि बोलतही नाहीत. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या वाय-फाय राउटरमध्ये लिनक्स, म्हणजे जीपीएलखालचीच ऑपरेटिंग सिस्टीम, असल्याचं २००३ मध्ये उघड झालं आणि कोड बाहेर काढावा लागला. हौशी लोकांनी त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं केलं, आणि तो राउटर पुढे कितीतरी वर्षं विकला जात राहिला. पाहा, कोड उघडा पडला की केवढं नुकसान होतं!

आता खुद्द लिनक्सचा कर्नलच, म्हणजे गाभाच, झाकायचा असेल, तर मात्र खिडकीच नाही. त्यात हजारो जणांनी लिहिलंय आणि ज्याच्या त्याच्या ओळींचा हक्क त्याच्याकडे, नाहीतर तो जिथे नोकरी करत होता त्या कंपनीकडे. तरी हिंमत सोडू नका. एकेकाला गाठा, जे वारले त्यांच्या वारसांच्या सह्या घ्या. यादी १९९१ पासून सुरू होते.