लळा लागावा म्हणून आईपासून तोडता?

"दोन महिन्यांची आहे मॅडम, बिनधास्त घेऊन जा." छातीवर हात ठेवून सांगितलं होतं त्या माणसाने. गोल्डन रिट्रीव्हरचं ते पिल्लू माझ्या लेकाच्या हातात ठेवलं, पैसे मोजून घेतले आणि मोकळा झाला. तिचं खरं वय कळलं ते तिसऱ्या दिवशी, फोंड्यात डॉक्टरांकडे नेल्यावर.

डॉक्टरांनी आधी तिला काट्यावर ठेवलं. 1 किलो 900 ग्रॅम. मग ओठ वर करून हिरड्या चाचपल्या. पुढचे दात सुईसारखे आलेले, सुळेही होते. मागे मात्र नुसत्या सुजलेल्या हिरड्या आणि एका बाजूला मोहरीएवढं पांढरं टोक. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे 28 दात आलेले असतात, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर म्हणाले, "पाच आठवडे. फार तर साडेपाच." मी लसीचं कार्ड पुढे केलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं. स्टिकर नाही, बॅच नंबर नाही, कुणाची सही नाही. निळ्या पेनाने नुसतं 'डन' लिहिलेलं.

मी तिथूनच, दवाखान्याच्या पायरीवरून त्याला फोन लावला. तर उत्तर काय? "मॅडम, लहान नेलं की लळा लागतो. मोठं झाल्यावर कोण घेतंय?"

लळा! हा शब्द ऐकला की आता माझं डोकं फिरतं. पस्तीस-छत्तीस दिवसांचा जीव आईच्या कुशीतून उचलायचा, पुठ्ठ्याच्या खोक्याला चार भोकं पाडून त्यात घालायचा, रात्रीच्या बसने बेळगावहून घाट उतरवून गोव्यात आणायचा आणि वर सांगायचं की हे तुमच्या प्रेमासाठी करतो? खरं कारण सरळ आहे. पाचव्या आठवड्याला पिल्लांचे दात आईला टोचायला लागतात, ती अंगावर पाजायला टाळते आणि पिल्लं खायला मागतात. आठ पिल्लं दिवसातून चार वेळा खाणार, घाण करणार. जंताचं औषध द्यायचं, पहिली लस टोचायची. हा तीन आठवड्यांचा खर्च आणि राबणूक नको म्हणून ती आमच्या गळ्यात मारायची. आणि त्या वयात पिल्लू दिसतंही कापसाच्या बाहुलीसारखं, म्हणून भाव जास्त. डबल बोन, हेवी बोन म्हणजे जाड हाडाचं, शो क्वालिटी, पेपर्ससकट म्हणजे वंशाच्या कागदांसकट एक रेट, पेपर्सशिवाय दुसरा. सगळं तोंडपाठ. जन्मतारीख विचारली की मात्र "बघून सांगतो".

चूक माझीही आहे, ती मी नाकारत नाही. सहा महिने घरात चर्चा केली. सासूबाईंना राजी केलं, बाल्कांवाला, म्हणजे पुढच्या पडवीला, जाळीचं दार बसवून घेतलं, लेकाकडून फिरवायला न्यायची कबुली घेतली. आणि एवढं करून पिल्लाची आई दाखवा, एवढं साधं वाक्य मला सुचलं नाही. त्याचा राग अजून जात नाही.

पिल्लाचं नाव आम्ही बिट्टी ठेवलं. पहिल्या रात्री ती तीन तास रडली. भुंकणं त्या वयात नीट येतही नाही, नुसता चिरका आवाज. पिल्लं एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात, ऊब तिथून मिळते. हिला टॉवेल दिला, गरम पाण्याची बाटली गुंडाळून दिली, शेवटी लेक चटई टाकून तिच्या शेजारी झोपला आणि तिने त्याच्या काखेत नाक खुपसलं. बारावीचं वर्ष आहे त्याचं. दुसऱ्या दिवशी जुलाब. विकणारा म्हणाला, पाणी बदललं म्हणून, बाळांचा डब्यातला खाऊ दुधात कालवून द्या. दिला. संध्याकाळी ती सोफ्याखाली ओकली आणि त्यात शेवयांसारखे जंत वळवळत होते. आईच्या पोटातूनच जंत येतात पिल्लांना, दोन आठवड्यांपासून औषध सुरू करायचं असतं. कार्डावर जंतापुढेही 'डन'च होतं.

आता चावण्याचं ऐका, कारण सगळे मलाच शहाणपण शिकवतात की तुम्ही लाडावून ठेवलीत. ही जात निघाली स्कॉटलंडात. 1868 साली तिथल्या एका लॉर्डच्या इस्टेटीत पिवळ्या रिट्रीव्हरची पहिली वीण झाली. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी पाण्यातून आणायचा आणि दात न रुतवता हातात द्यायचा, हेच तिचं काम. मऊ तोंड ही या जातीची खासियत. पण ते तोंड घडतं भावंडांत खेळताना. जोरात चावलं की भाऊ किंचाळतो, खेळ थांबतो. आई गुरकावते, नाक दाबते. पाचव्या ते आठव्या आठवड्यात हे धडे रोज गिरवले जातात. बिट्टीला ते मिळालेच नाहीत. माझ्या मनगटावर ओरखड्यांची जाळी झालीय, लेकाच्या पोटऱ्या बघवत नाहीत. तिला कळतच नाही की समोरच्याला दुखतं. कसं कळणार? सांगणारी होती तीच तिच्यापासून तोडली.

आणि शेजारच्या काकी! "अगो, आमचो मोती डोळे उघडायच्या आधी आणलेला, काय झालं त्याला?" काकी, मोतीची आई दोन घरं सोडून पडवीत होती. तो दिवसभर तिच्याकडे पळायचा, दूध पिऊन परत यायचा. बिट्टीची आई घाटापलीकडे कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे, आहे की नाही, देव जाणे.

कायदा नाही असंही नाही. श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम 2017 साली केंद्राने काढले, 1960 च्या प्राणी छळ प्रतिबंधक कायद्याखाली. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. कुत्री पैदा करून विकायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, हेही आहे. ज्या गोव्यात रेबीजच्या लसीसाठी माणसं जाळी घेऊन वाड्यावाड्यांवर फिरली, रस्त्यावरची हजारो कुत्री धरधरून टोचली आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं, त्याच गोव्यात मोबाईलवर फोटो टाकून कुणीही दूधपितं पिल्लू विकतो आणि त्याला कुणी हटकत नाही. मी तक्रारीचं विचारायला गेले तर पहिला प्रश्न आला, "पावती आहे?" पावती देतो का असला माणूस? रोख घेतो, नंबर बदलतो.

बिट्टी आता सात आठवड्यांची झाली. परवा पहिली लस झाली. अजून अंगणात सोडता येत नाही, पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो म्हणतात डॉक्टर, आणि आमच्या कुंपणातून वाड्यावरची कुत्री ये-जा करतात. चवथीला घर माणसांनी भरणार, प्रत्येकाला पाय धुऊन ये म्हणावं लागणार, आणि प्रत्येक जण मलाच खुळी ठरवणार. ठरवू देत.

काल रात्री त्या माणसाचं स्टेटस बघितलं. तीच लादी, तोच निळा टब. टबात पिल्लं, पाय फाकवून पडलेली, एकाला धड उभंही राहता येत नव्हतं. खाली लिहिलेलं, "दोन महिने, शेवटचे दोन पीस." पीस! मी लेकाच्या फोनवरून कॉल केला, नाव न सांगता. जन्मतारीख विचारली. "दोन महिन्यांची आहेत मॅडम." तारीख सांगा म्हटलं. "बघून सांगतो." आई दाखवाल का, मी बेळगावला येते, उद्याच येते म्हटलं. फोन ठेवला त्याने. मी परत लावला. परत कापला. सकाळपासून लावतेय.