परत पहिल्यापासून सांगायचं म्हणे!

आज कोर्टातून आलो तेव्हापासून डोकं भणभणतंय. लिहून टाकतो, नाहीतर झोप लागायची नाही.

केळीच्या व्यापाऱ्यानं 3 लाख 40 हजारांचा चेक दिला, तो परत आला. नोटीस पाठवली, 15 दिवस वाट पाहिली, ऑगस्ट 2024 मध्ये कलम 138 खाली, म्हणजे चेक न वटल्याची, फिर्याद टाकली. कायदा म्हणतो, 6 महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा. हा ‘प्रयत्न’ शब्द ज्यानं घातला ना, त्याचे पाय धरले पाहिजेत ब्वा.

तरी आमची गाडी बरी चालली होती. प्रतिज्ञापत्र झालं, उलटतपास झाला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, किती घड कटले, बोर्डाचा म्हणजे बाजारात जाहीर झालेला केळीचा भाव काय होता, गाडी कोणी भरली. पुढच्या तारखेला जातो तर आमची केस बोर्डावरच नाही! (हा केळीचा बोर्ड नाही भो, कोर्टाचा, त्या दिवशीच्या केसेसची यादी.) खालचा म्हणे वर जा, वरचा म्हणे खाली जा. दुपारी कळलं, केस शेजारच्या कोर्टात वर्ग झाली. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना तो अधिकार आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 450. कारणही लेखी नोंदवावं लागतं, कलम 452. कारण होतं कामाचा बोजा. असेल, मी कुठं नाही म्हणतो? पण ज्याची केस आहे त्याला कोणी सांगायचं की नाही?

खरी मेख पुढं आहे. एरवी आधीच्या साहेबांसमोर झालेला पुरावा नव्या साहेबांना वापरता येतो. पण आमची केस लवकर संपावी म्हणून संक्षिप्त पद्धतीनं, म्हणजे जबाबाचा फक्त सारांश नोंदवून, चालवली होती, आणि संक्षिप्त खटल्याला ती सवलत नाही. साहेब बदलले की जबाब परत पहिल्यापासून! वकिलांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं चेष्टा करताय.

बरं, तेही पचवलं. नव्या साहेबांनी आरोपीला एकदा, एकदाच, मुदत नाकारली. लगेच ह्या गड्याचा सत्र न्यायाधीशांकडं कलम 448 चा अर्ज, केस दुसरीकडं वर्ग करा, इथं न्याय मिळणार नाही अशी भीती वाटते. भीती! माझा माल गाडीत भरताना वाटली नाही का रे? नुसत्या अर्जानं खालचं काम थांबत नाही, त्याला वेगळी स्थगिती लागते. पण खाली जाऊन ‘साहेब, वर अर्ज आहे’ म्हटलं की पडली तारीख. अर्ज फेटाळला तर संभाजीनगरच्या खंडपीठात जायला तो मोकळा. आणि अर्ज फालतू ठरला तर सत्र न्यायाधीश मला भरपाई देववू शकतात, जास्तीत जास्त 10,000. अडकलेत 3 लाख 40 हजार, आणि ह्यात माझं जाण्यायेण्याचं भाडं तरी निघतं का?

पक्षपाताची खरी भीती असेल त्याला ही कलमं हवीतच, तेवढं मला कळतं. ह्याला पक्षपाताची भीती थोडीच आहे, ह्याला फक्त उद्या हवाय.

आता पुढच्या महिन्यात मी परत उभा राहून सांगणार, किती घड कटले. त्या बागेचा पिलबाग, म्हणजे पिलांवर आलेलं पुढचं पीक, तोसुद्धा कटून गेला. तिथं आता हरभरा आहे.